पुळणीवरचे जागले

आजचें भाषण इतिहासाचें आहे असें जाहीर झाल्यामुळें एखादी लढाई, एखादा तह किंवा एखाद्या गडाचा वेढा ऐकावयास मिळेल, अशी श्रोत्यांची अपेक्षा असणें स्वाभाविक आहे. ती अगदींच फोल ठरणार नाहीं. एक किल्ला आणि एक मुत्सद्दी यांचा उल्लेख पुढें येईल. परंतु मुख्य हकीकत आहे ती समुद्रांतील कासवांची, आणि त्यांच्याहूनही अधिक, त्या कासवांच्या अंड्यांवर रात्ररात्र पहारा करणाऱ्या माणसांची. या माणसांना हल्लीं स्वयंसेवक म्हणतात. शब्द चांगला आहे. पण आपल्या जुन्या गांवगाड्यांत त्याहून जवळचा एक शब्द होता, तो म्हणजे जागल्या. गांव झोंपलें असतां जो जागतो, तो जागल्या. फरक इतकाच, कीं गांवच्या जागल्यास बलुतें मिळे. या पुळणीवरच्या जागल्यांस बहुधा थंडी आणि डांस यांखेरीज कांहीं मिळत नाहीं. असे लोक कोठें कोठें निर्माण झाले, कशासाठीं जागले, आणि त्यांच्या जागण्यानें काय साधलें, तें आज पाहावयाचें आहे.

देवळाच्या सभामंडपांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतें, तें आपण लहानपणापासून पाहत आलों आहों. कासवी आपल्या पिल्लांना दूध पाजीत नाहीं, चारा भरवीत नाहीं. दूर राहून केवळ दृष्टीनें त्यांचें पोषण करते, असा दृष्टान्त आपल्या संतवाङ्मयांत येतो. भक्त आणि भगवंत यांचें नातें सांगण्यास तो फार गोड आहे. पण प्राणिशास्त्राच्या अंगानें पाहिलें तर गोष्ट उलट आहे. आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावर जें कासव अंडीं घालण्यास येतें, त्याचें नांव ऑलिव्ह रिडले. थंडीच्या दिवसांत, बहुधा रात्रीं, मादी भरतीच्या रेषेच्या वर येते. मागच्या पायांनीं वाळू उपसून सुमारें दीड फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा खणते. त्यांत शंभर-सव्वाशें अंडीं घालते. वाळू लोटून अंगाच्या भारानें ती चोपून बसविते, आणि तासाभरांत समुद्रांत निघून जाते. पुन्हा ती त्या अंड्यांकडे येत नाहीं. त्या वेळीं तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत असतें. परंतु तें मायेचें नव्हे, शरीरांतील जादा क्षार बाहेर टाकणाऱ्या ग्रंथींचें होय. पंचेचाळीस ते पंचावन्न दिवसांनीं वाळूच्या उबेनें पिल्लें बाहेर पडतात, तेव्हां आई तेथें नसते. कोल्हे, कुत्रे, खेंकडे आणि घारी मात्र असतात. हजार पिल्लांतून एखादेंच वाढून मोठें होतें, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. सारांश, संतांनीं कासवीस जी दृष्टि दिली, ती तिच्यापाशीं नाहीं. ती दुसऱ्या कोणीतरी पुरवावी लागते.

हें सांगण्याचा मला अधिकार किती, हें प्रथम सांगून टाकणें बरें. माझें शिक्षण शालान्त परीक्षेपुरतेंच. आयुष्य खेड्यांतल्या शाळांतून इतिहास, भूगोल आणि गणित शिकविण्यांत गेलें. जन्म रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागांतील एका समुद्रकांठच्या गांवीं झाला. सन १९७० च्या आसपास, मी दहा-अकरा वर्षांचा असतांना, थंडींत पहाटे उठून पुळणीवर कासवाचा माग शोधणें हा आम्हां मुलांचा उद्योग होता. माग जेथें संपे तेथें काठी खुपसावयाची. काठी जेथें भसकन् आंत जाई आणि टोंक ओलें होऊन येई, तेथें उकरावयाचें. टोपलीभर अंडीं घरीं येत. तीं कितीही वेळ उकडलीं तरी आंतील पांढरा भाग घट्ट होत नसे, याचें आम्हांस मोठें नवल वाटे. दोन हिंवाळ्यांत मिळून दोन घरटीं मीं स्वतः उकरल्याचें मला स्पष्ट आठवतें. त्यांत कांहीं गैर आहे असें कोणी म्हटलें नाहीं, आणि मलाही वाटलें नाहीं. तेव्हां आज मी बोलत आहें तें न्यायासनावरून नव्हे, आरोपीच्या पिंजऱ्यांतून.

माणसाचा आणि कासवाचा संबंध सगळीकडे प्रथम भुकेचाच होता. इ. स. १५०३ च्या मे महिन्यांत कोलंबस आपल्या चौथ्या सफरींत कॅरिबियन समुद्रांतून जात असतां त्यास दोन लहान बेटें दिसलीं. त्यांच्या भोंवतीं इतकीं कासवें होतीं, कीं त्या बेटांना कासवांचेंच नांव देण्यांत आलें. आज तीं केमन बेटांपैकीं आहेत. शिडाच्या जहाजांना हिरवें कासव म्हणजे चालतेंबोलतें कोठारच वाटलें. उताणें करून ठेवलें कीं तें पळून जात नाहीं, आणि चाऱ्यावांचून आठवडेच्या आठवडे जिवंत राहतें. बर्फ नसलेल्या काळीं ताजें मांस मिळण्याचा याहून सोपा मार्ग नव्हता. खलाशांचीं पोटें त्यावर भरलीं, आणि पुढें लंडनच्या मेजवान्यांत कासवाचें सूप हें श्रीमंतीचें लक्षण होऊन बसलें.

या संहारास आळा घालणारा कायदाही फार लवकर झाला. अटलांटिक महासागरांतील बर्म्यूडा बेटांच्या विधिसभेनें १६२० सालीं, म्हणजे शिवछत्रपतींच्या जन्माच्या दहा वर्षें आधीं, अठरा इंचांहून लहान कासव मारण्यास बंदी केली. दंड होता पंधरा पौंड तंबाखू. त्यांतील निम्मी सार्वजनिक कामाकडे आणि निम्मी गुन्ह्याची खबर देणारास. हेतु चांगला होता. परंतु अंडीं घालणारीं मोठीं कासवें मारण्यास मोकळीक राहिली, आणि निम्म्या तंबाखूच्या आशेनें खबर देणारा मनुष्य हा कांहीं कासवाचा सोयरा नव्हता. तेथें अंडीं घालणारी हिरव्या कासवांची प्रजा पुढें नाहींशी झाली. कायद्यानें गुन्हा ठरतो. पहारा मात्र माणसानेंच करावा लागतो, हा त्यांतला धडा आहे.

दुसरा धडा मेक्सिकोचा. आपल्या देशास स्वातंत्र्य मिळालें त्याच वर्षीं, १९४७ च्या जून महिन्यांत, रांचो नुएव्हो नांवाच्या किनाऱ्यावर अंद्रेस हेरेरा या इंजिनियरानें एक लहानसा चित्रपट घेतला. केम्प रिडले जातीच्या माद्या तेथें दिवसाउजेडीं थव्याथव्यानें वाळूवर चढत होत्या. एका दिवसांत आलेल्या माद्यांची संख्या चाळीस हजारांच्या घरांत असावी, असा अंदाज त्या चित्रपटावरून पुढें करण्यांत आला. हा चित्रपट वर्षानुवर्षें शास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडला नाहीं. १९६० नंतर तो त्यांनीं पाहिला, तेव्हां ते थक्क झाले; पण तोंवर किनारा ओस पडत चालला होता. १९६६ पासून मेक्सिकोनें पहारा बसविला, पुढें अमेरिकेनेंही हातभार लावला. तरीसुद्धां उतरण थांबेना. १९८५ च्या सबंध मोसमांत अवघीं ७०२ घरटीं मिळालीं. पहारा चालू असून एकोणीस वर्षें आंकडा खालींच जात राहिला! यांतला कोणताही मनुष्य कंटाळून घरीं गेला असता तर त्यास दोष देतां आला नसता. परंतु पहारा चालू राहिला, आणि त्यानंतर घरट्यांची संख्या पुन्हा हजारोंवर गेली. कासवास वयांत येण्यास दहा वर्षें किंवा त्याहून अधिक काळ लागतो. आज वांचविलेल्या पिल्लाचा जमाखर्च आजच्या वहींत बसत नाहीं.

जागल्यांच्या या इतिहासांत पहिलें मानाचें नांव आर्ची कार यांचें. फ्लोरिडा विद्यापीठांत प्राणिशास्त्राचे अध्यापक असलेले हे गृहस्थ कोस्टा रिकाच्या टॉर्टुगेरो किनाऱ्यावर १९५५ पासून कासवांना खुणेचे बिल्ले लावूं लागले. प्रथम कवचास भोंक पाडून तारेनें बिल्ला बांधला, तो टिकेना. मग गुरांच्या कानांस लावतात तसला धातूचा बिल्ला पुढच्या पंखास लावला, तो टिकला. बिल्ला परत धाडणाऱ्यास पांच डॉलर बक्षीस असे. मौज अशी, कीं बिल्ले येत ते बहुतकरून कासव मारणाऱ्या कोळ्यांकडूनच. आणि त्यांच्याच पत्रांवरून कासवांचे शेंकडों मैलांचे प्रवास जगास कळत गेले. कार यांचें ‘द विंडवर्ड रोड’ हें पुस्तक १९५६ सालीं प्रसिद्ध झालें. तें वाचून कांहीं वाचकांनीं अर्धवट विनोदानें ‘हिरव्या कासवाचें बंधुमंडळ’ काढलें, आणि १९५९ सालीं त्यांतून एक संस्था उभी राहिली. टॉर्टुगेरोच्या पुळणीवरची मोजणी आजही चालू आहे. देशोदेशींचीं माणसें स्वखर्चानें तेथें जातात आणि रात्रभर ओल्या वाळूंत चालतात.

आपल्याकडे ही परंपरा मद्रासेस सुरू झाली. १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत रोम्युलस व्हिटेकर आणि त्यांचे मित्र शहराच्या दक्षिणेकडील पुळणीवर रात्रीं चालूं लागले. उकरणाऱ्यांच्या आधीं घरटें गांठावयाचें आणि अंडीं राखणींतल्या जागेंत पुन्हा पुरावयाचीं, असा त्यांचा क्रम होता. तेथील आय. आय. टी. मधील एक विद्यार्थी, सतीश भास्कर, त्यांत सामील झाला आणि शिक्षण बाजूस ठेवून कासवांच्याच मागें लागला. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून आणि बेटांवरून कासवांच्या शोधार्थ हा मनुष्य सुमारें चार हजार किलोमीटर पायीं चालला. १९८२ च्या पावसाळ्यांत हिरव्या कासवांचा अभ्यास करण्यासाठीं ते लक्षद्वीपमधील सुहेली या निर्जन बेटावर एकटे राहिले. पावसाळा संपेपर्यंत तेथें होडी येणें शक्य नव्हतें. पत्नीस लिहिलेलें पत्र त्यांनीं बाटलींत घालून समुद्रांत सोडलें. कांहीं आठवड्यांनीं तें श्रीलंकेच्या किनाऱ्यावर एका कोळ्यास सांपडलें, आणि त्या भल्या माणसानें तें टपालानें पोंचतें केलें! भास्कर २०२३ सालीं निवर्तले. आपल्या किनाऱ्यांवर कोणतें कासव कोठें येतें, याच्या आजच्या ज्ञानाचा मोठा भाग त्यांच्या पायांनीं मिळविलेला आहे.

मद्रासेचें काम पुढें सरकारी खात्यांकडे गेलें; आणि १९८८ सालीं तें विद्यार्थ्यांनीं पुन्हा आपल्या हातीं घेतलें. तेव्हांपासून दरसाल मोसमांत तेथें मुलें-मुली रात्रीं पुळणीवरून चालत असतात. जुनीं शिकून निघून जातात, नवीं येतात. चालणें खंडत नाहीं. त्यांचा एक शत्रु कोल्ह्याकुत्र्यांहून बलाढ्य आहे, तो म्हणजे दिवा. पिल्लूं वाळूंतून वर आलें कीं सर्वांत उजळ दिसेल त्या दिशेस धांवतें. निसर्गांत ती दिशा समुद्राची असते. शहरांत ती रस्त्यावरच्या विजेच्या खांबाची असते.

आतां आपल्या कोंकणाकडे येऊं. सावित्री नदीच्या मुखाशीं बाणकोटचा किल्ला आहे. १७५५-५६ च्या सुमारास तो इंग्रजांकडे गेला आणि त्यांनीं त्यास व्हिक्टोरिया किल्ला असें नांव दिलें. किल्ल्याजवळचें वेळास गांव हें नाना फडणविसांच्या भानु घराण्याचें मूळ गांव. मीं कित्येक वर्षें मुलांना ‘वेळास’ हें नांव केवळ नानांच्या संदर्भांत सांगितलें. पण या गांवाचा आणखी एक इतिहास पुढें घडावयाचा होता. चिपळूणच्या सह्याद्रि निसर्गमित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी २००२ सालीं समुद्रगरुडाची पाहणी करीत येथें आले असतां त्यांना पुळणीवर कासवाच्या अंड्यांचीं टरफलें पडलेलीं आढळलीं. १९७२ चा वन्यजीव संरक्षणाचा कायदा तीस वर्षांचा जुना झाला होता, परंतु पुळणीवर पहारा नव्हता. काटदरे यांनीं गांवकऱ्यांवर फिर्याद केली नाहीं. त्यांनीं गांवकऱ्यांनाच हाताशीं धरलें. ज्यांना अंडीं कोठें असतात हें पक्कें ठाऊक, त्यांच्याहून चांगला राखणदार कोण? पुढें २००६ च्या सुमारास ‘कासव महोत्सव’ सुरू झाला. पाहुणे गांवांतल्या घरांतून उतरूं लागले. त्यांच्या जेवणाखाण्याचे पैसे गांवांतच राहूं लागले. हळूहळू आंजर्ले आणि इतर पुळणींवरही हें काम पसरलें.

निवृत्तीनंतर एका फाल्गुनांत मी वेळासेस आठ दिवस राहिलों. माझा जोडीदार गांवचाच, माझ्याहून थोडा लहान. पहांटे चारला आम्ही विजेरी घेऊन निघत असूं. तिसऱ्या दिवशीं सुरूच्या बनाच्या बाजूस माग लागला. पन्नास वर्षें मध्यें गेलीं होतीं, तरी माझ्या हातानें आपण होऊन काठी उचलली आणि वाळूंत रोंवण्यासाठीं वर धरली. तो शांतपणें म्हणाला, “गुरुजी, काठी ठेवा. काठीनं अंडं फुटतं. बोटांनी बघा.” मीं काठी ठेवली. नंतर त्यानें सांगितलें, कीं तोही एके काळीं काठीनेंच पाही.

अंडीं हलविण्याची रीत नाजूक आहे. घातल्यानंतर थोड्याच तासांत आंतील गर्भ कवचाच्या वरच्या बाजूस चिकटतो. मग अंडें उलटें झालें तर गर्भ मरतो. म्हणून एकेक अंडें जसें असेल तसेंच, न फिरवितां, उचलावयाचें. कुंपण घातलेल्या जागेंत तेवढ्याच खोलीचा, तशाच आकाराचा खड्डा करून त्यांत ठेवावयाचें. तारीख आणि संख्या लिहून पाटी लावावयाची. दिवस भरत आले कीं वर बांबूची टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ उघडून पाहतात. पिल्लें थेट पाण्यांत सोडीत नाहींत. वाळूवर ठेवून त्यांचीं त्यांना चालूं देतात. मीं त्या दिवशीं एकशें अकरा अंडीं मोजलीं. शिक्षकी पेशांत इतक्या काळजीनें मीं कधीं कांहीं मोजलें नव्हतें.

या कामावर आक्षेप नाहींत असें नाहीं, आणि ते प्रामाणिकपणें मांडले पाहिजेत. घरटें जेथें आहे तेथेंच सुरक्षित राहत असेल तर तें हलवूं नये, हेंच उत्तम. हलविणें हा नाइलाजाचा उपाय आहे. कासवाचें पिल्लूं नर होणार कीं मादी, हें वाळूच्या उष्णतेवर ठरतें. सुमारें एकोणतीस अंशांच्या वर माद्या अधिक, खालीं नर अधिक. म्हणजे कुंपणाची जागा चुकली तर हजारों पिल्लें सोडूनही प्रजेचा तोल बिघडावयाचा. शिवाय मोठीं कासवें यांत्रिक होड्यांच्या जाळ्यांत गुदमरून मरतात, आणि त्यावर पुळणीवरच्या जागल्याचा कांहीं इलाज चालत नाहीं. त्यासाठीं जाळ्यांत कासवास सुटण्याची वाट ठेवणें, हें दुसरें काम दुसऱ्यांनीं करावयाचें आहे. जागल्याचें काम अर्धेंच आहे. पण तें अर्धें टाकून दिलें तर उरलेलें अर्धें कोणासाठीं करावयाचें?

घरीं परतल्यावर माझ्या नातीनें सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, “आबा, तुम्ही लहानपणीं किती खाल्लींत?” मीं गणिताचा आश्रय घेतला. म्हटलें, दोन घरटीं, म्हणजे दोनशें-सव्वादोनशें अंडीं. हजारांत एक जगतें, असें धरलें तर तो एका कासवाचा पांचवा हिस्सा झाला. कासवाचा पांचवा हिस्सा कोणी मारूं शकत नाहीं. तेव्हां हिशेबानें मीं कांहींच मारलें नाहीं. ती क्षणभर थांबून म्हणाली, “पण तुम्ही पांच मुलं जात होतांत ना?”

त्या प्रश्नास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि आजही नाहीं. खरोखरच आम्ही पांच जण होतों. पांच मुलांनीं मिळून एक कासव. आणि एका किनाऱ्यावर अशीं पांच-पांच मुलें किती! बर्म्यूडा काय, मेक्सिको काय, कोणीही एकट्यानें कासव संपविलें नाहीं; प्रत्येकानें आपापला पांचवा हिस्सा नेला. परंतु तेंच गणित उलट बाजूनेंही खरें आहे. त्या एकशें अकरा अंड्यांनीं मीं एका कासवाचा जेमतेम नववा हिस्सा वांचविला असेल. माझें देणें त्यानें फिटत नाहीं. पण असे नऊ म्हातारे, किंवा नऊ मुलें, पुळणीवर आलीं तर पुरें एक कासव होतें.

शेवटीं एक हकीकत सांगतों. ओडिशांतील गहिरमाथा किनाऱ्यावर २०२१ सालीं शास्त्रज्ञांनीं एका मादीच्या पंखास बिल्ला लावला. त्यावरचा क्रमांक ०३२३३. तीच मादी २०२५ च्या जानेवारींत रत्नागिरी जिल्ह्यांत गुहागरच्या पुळणीवर अंडीं घालतांना आढळली. पूर्वेच्या समुद्रांतून सबंध द्वीपकल्पास वळसा घालून ती पश्चिमेस आली होती. तिकडे बिल्ला लावणारा माणूस आणि इकडे तो वाचणारा माणूस यांची ओळखदेख नव्हती, भाषाही एक नव्हती. पण दोन्ही किनाऱ्यांवर त्या त्या रात्रीं कोणीतरी जागें होतें, म्हणूनच ही गोष्ट आपल्याला कळली.

येत्या थंडींत आपल्यापैकीं कोणास चार दिवसांची सवड असेल, तर त्यांनीं कोंकणच्या एखाद्या पुळणीवर अवश्य जावें. जातांना विजेरी न्यावी, आणि तीही बेतानेंच वापरावी. काठी नेऊं नये.